शेवाळ खाणारा मासा कोरलला तोंड मारायला लागला तर

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, शेवाळ वाढलं की दुकानदार हमखास सांगतो, "लॉनमोवर ब्लेनी न्या साहेब, आठ दिवसांत सगळं साफ." आणि करतोही तो साफ. पुढचे काही महिने बरे जातात, मग कधीतरी लक्षात येतं की ॲक्रोपोराच्या (फांद्यांचं कठीण कोरल) टोकांवर पांढरे ठिपके पडलेत, झोआ (फुलासारखं मऊ कोरल) भर दुपारी मिटून बसलेत आणि हे महाराज कोरलच्या बुडापाशीच घुटमळतायत. फॉक्सफेस, टँग, बायकलर ब्लेनी, कोरल ब्युटी एंजल, कुणाचंही नाव घाला, गोष्ट तीच. विचारलं की पहिला सल्ला मिळतो मासा काढून टाका, जसं काय हात घातला की तो हातात येणार आहे. काढणं हा शेवटचा उपाय आणि त्यासाठी बऱ्याचदा अख्खा टँक उचकटावा लागतो. त्याच्याआधी करण्यासारखं भरपूर आहे आणि त्यातलं निम्मं काम म्हणजे माशाचं पोट भरणं. सांगली-साताऱ्याकडं खाऱ्या पाण्याचा नाद असणारे मोजकेच, मासा मुंबई-पुण्याहून ट्रॅव्हल्सनं पार्सल येतो, त्यामुळं "नाही जमला तर बदलून आणू" हा प्रकार आपल्याकडं चालत नाही, आहे त्या माशाबरोबरच निभवायला शिकावं लागतं.

आधी तो नक्की खातोय काय ते बघा

मासा कोरलजवळ तोंड हलवतोय म्हणजे कोरलच खातोय असं नाही. तीन शक्यता असतात. एक, कोरलच्या बुडाला, मेलेल्या फांदीला किंवा फ्रॅगच्या (कोरलच्या कापलेल्या तुकड्याच्या) प्लगला, म्हणजे खालच्या चकतीला, शेवाळाचा थर आलाय आणि तो तेवढाच खरवडतोय, हे तर तुमचं काम तो फुकटात करतोय. दोन, कोरल जो चिकट स्राव सोडतो त्याच्यावर बारीक घाण आणि अन्नाचे कण अडकतात, मासा ते चाटतो. यानं लगेच काही मरत नाही पण पॉलिप (कोरलची फुलासारखी बारीक तोंडं) सतत मिटायला लागतात. तीन, खरोखर मांस ओरबाडतोय.

ब्लेनीचे दात फणीसारखे बारीक, ओळीनं बसलेले असतात, तो चावत नाही, ओठ टेकवून खरवडतो. काचेवर पातळ शेवाळ असेल तर सकाळी तिरक्या उजेडात बघा, ओठांचे छोटे छोटे ठसे उमटलेले दिसतात, एकाच मापाचे, एकाशेजारी एक. तसलेच ठसे कोरलवर दिसले, म्हणजे फांदीच्या टोकाला किंवा सपाट बाजूला एकसारखे फिकट ठिपके आणि त्यात पांढरा सांगाडा उघडा पडलेला, तर शंका घ्यायला जागा उरत नाही. टँग आणि एंजलचं काम वेगळं, ते एखादा तुकडा तोडून झटक्यात मागं होतात.

आपण समोर उभं राहिलो की मासा खायला मागायला काचेपाशी येतो, त्यामुळं समोर बसून काही कळत नाही. मोबाईल स्टँडला लावा, लाईट लागल्यावर पहिला तासभर रेकॉर्डिंग करा, आणि त्या तासात खायला काही टाकू नका. रात्रभराची भूक त्या वेळी असते, जो काही उद्योग करायचा तो त्याच तासात करतो. नंतर निवांत बघा, किती वेळा तोंड मारलं, कुठल्या कोरलला, आणि बुडाला की जिवंत भागाला. दर रविवारी त्याच कोरलचा त्याच जागेवरनं एक फोटो काढून ठेवला तर कडा मागं सरकतायत का ते समजतं, डोळ्यांवर विसंबू नका, रोज बघणाऱ्याला फरक दिसतच नाही.

मासा निर्दोष पण असू शकतो. एरवी दिवसा फुलणारं कोरल आता दिवसा मिटलेलं आणि लाईट गेल्यावर छान फुललेलं असेल तर दिवसा कुणीतरी त्रास देतंय, म्हणजे संशय माशावर. पण संध्याकाळी धडधाकट असलेलं कोरल सकाळी कुरतडलेलं दिसलं तर रात्रीचा चोर शोधा, लाल सेलोफेन लावलेली बॅटरी घेऊन रात्री अकरा-बाराला टँकसमोर बसा. दगडातनं आलेला एखादा खेकडा, माँटिपोरा या कठीण कोरलवरच्या किंवा झोआवरच्या बारीक न्युडिब्रँक गोगलगायी, ॲक्रोपोरा खाणारे चपटे किडे, यातलं काहीही निघू शकतं. आणि ठिपके नसून नुसता रंग उडालाय, कोरल बुडापासनं सोलत चाललंय, तर आधी पाणी तपासा. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएचमध्ये मोजतात ते) ८ ते ९ डीकेएचच्या आसपास आणि मुख्य म्हणजे एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त खालीवर होत नसावी, तापमान २५-२६ अंश, क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बाहेर चाळीशीला टेकतं, चिलर किंवा निदान पंखा नसेल तर टँक सहज तिशीच्या जवळ जातो, आणि ताणाखालचं कोरल जास्त चिकटा सोडतं, त्यावर मासा येतो, आणि बिल माशाच्या नावावर फाटतं.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे टोपली. प्लास्टिकची जाळीची छोटी टोपली, स्टेशनरीच्या दुकानात पेनं ठेवायला मिळते तसली चालते, गोड्या पाण्यात चांगली धुऊन त्या कोरलवर पालथी घाला, हलू नये म्हणून वरनं छोटा दगड ठेवा. उजेड थोडा कमी होतो, तेवढं चालतं. दोन-तीन दिवसांत आतलं कोरल फुललं तर दोष माशाचा, नाही फुललं तर पाणी, उजेड नाहीतर किडा. हे केल्याशिवाय मासा काढायचा विचार पण करू नका.

भूक, भूक आणि भूक

शेळीला बांधावरचं गवत संपलं की ती उसात शिरणारच, यात शेळीचा काय दोष. हे मासे समुद्रात दिवसभर चरत असतात, थोडं थोडं, शेकडो वेळा. आपण सकाळ-संध्याकाळ चिमूटभर पेलेट टाकतो आणि ते पण क्लाऊनफिश आणि डॅमसेल अर्ध्यात खाऊन टाकतात. नवीन टँकमध्ये पहिले काही महिने दगडांवर भरपूर शेवाळ असतं म्हणून ब्लेनी गुबगुबीत राहते. मग टँक मुरतो, दगडावर कोरलाइन या कठीण शेवाळाचा गुलाबी-जांभळा थर चढतो, आपण स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) मोठा घेतो, फॉस्फेट काढायला जीएफओ (लोहाचे दाणे) लावतो, टेस्ट किटवर शून्य आलं की फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि तिकडं माशाचं ताट रिकामं झालेलं असतं.

पोट बघायला शिका. माशाला बाजूनं आणि समोरनं बघा, गळ्याच्या खाली पोट आत गेलेलं असेल, डोक्यामागचा पाठीचा भाग चिमटल्यासारखा दिसत असेल तर मासा उपाशी आहे, तो कितीही चपळ दिसला तरी. लॉनमोवरच्या बाबतीत हे फार होतं कारण त्यातले बरेच जण पेलेट, फ्लेक याला तोंडच लावत नाहीत, त्यांना खरवडून खायचं असतं. असे मासे कोरलला त्रास न देता पण हळूहळू खंगून मरतात आणि मालकाला वाटतं वय झालं असेल.

खायला काय आणि कसं द्यायचं

पहिली गोष्ट नोरी, म्हणजे सुशीला लागणारं समुद्री शेवाळाचं वाळवलेलं पान. ऑनलाईन मागवताना साधं घ्या, तेल-मीठ-मसाला लावलेलं खाऊचं पाकीट नको. टँग आणि फॉक्सफेसला रोज साधारण पाव पान, ब्लेनीला पेराएवढा तुकडा. क्लिप लावायची ती कोरलपासनं लांबच्या टोकाला, म्हणजे माशाला त्या बाजूला राहायची सवय लागते, आणि उरलेलं संध्याकाळी काढून टाकायचं नाहीतर फिल्टरमध्ये लगदा होतो. ब्लेनी मात्र सहसा क्लिपपर्यंत वर येत नाही, तिला लटकणारं काही पटत नाही. तिच्यासाठी तळहाताएवढ्या चपट्या दगडाला नोरी रबरबँडनं गुंडाळा आणि दगड तिच्या बिळाच्या समोर ठेवा. पहिले काही दिवस ढुंकून बघणार नाही. ठेवत राहा, रोज नवा तुकडा, तीच जागा, तीच वेळ, लाईट लागल्यावर लगेच, कारण कोरलकडं वळायच्या आत तोंडासमोर दुसरं काहीतरी पाहिजे.

दुसरी गोष्ट, आणि पेलेट न खाणाऱ्या ब्लेनीला हीच लागू पडते, ती म्हणजे दगडावर जेली. किराणा दुकानात चायना ग्रास मिळतं, त्याची साधी पावडर घ्या, साखर-फ्लेवरवालं जेलीचं पाकीट नाही. १०० मिली आरओच्या पाण्यात सपाट एक चमचा, साधारण २ ग्रॅम, घालून दोन मिनिटं नीट उकळा. गॅस बंद करून बोट सोसेल इतपत कोमट होऊ द्या, पण फार वेळ घालवू नका, चाळीस अंशांच्या खाली गेलं की ते गोठायला लागतं. त्यात हातानं चुरलेली दोन नोरीची पानं, एक चमचा स्पिरुलिना पावडर आणि हवी तर बारीक वाटलेली एखादी कोळंबी कालवा, आणि हे सगळं खडबडीत, भोकाभोकाच्या कोरड्या दगडावर लिंपा, भोकात बोटानं दाबून बसवा, फ्रीजमध्ये दहा मिनिटं. पक्कं बसलं की दगड टँकमध्ये. ब्लेनीला खरवडायचं सुख पण मिळतं आणि पोट पण भरतं. उरलेलं मिश्रण डबीत घालून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. फ्रीजमध्ये दहीभाताच्या शेजारी माशाचं खाणं ठेवायला घरात परवानगी लागेल, ती तुमची तुम्ही मिळवा.

तिसरा उपाय थोडा वेळखाऊ पण मला सगळ्यात आवडतो. शेवाळाचे दगड तयार करायचे. २० लिटरची बादली, पाणी बदलताना टँकमधनं काढलेलं जुनं पाणी, एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा) आणि चार-पाच छोटे दगड. बादली सकाळचं ऊन येईल अशा खिडकीत ठेवायची, गच्चीवर नको, आपल्या उन्हात पाणी उकळायला टाकल्यासारखं होतं आणि बाष्पीभवनानं क्षारता वर जाते. आटलेलं पाणी आरओच्याच पाण्यानं भरा, बोअरचं घालू नका. दोन-तीन आठवड्यांत दगडावर हिरवट-तपकिरी साय धरते, मग एक दगड टँकमध्ये, तो साफ झाला की परत बादलीत आणि दुसरा आत. बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) किंवा ऐपटेशिया (टँकभर पसरणारं उपद्रवी ॲनिमोन) दिसला तर तो दगड सरळ फेकून द्या. आणि दगड आणायला म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरनं कोरलचा तुकडा उचलून आणू नका, जिवंत असो नाहीतर मेलेला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये सगळे कठीण कोरल येतात, वाघाच्या रांगेत. सिरॅमिकचा किंवा फिल्टर मीडियाचा तुकडा पुरतो.

पेलेट देणार असाल तर स्पिरुलिनावालं द्या आणि दिवसातनं तीन-चार वेळा थोडं थोडं. ऑटो फीडर घ्याच, नोकरीवाल्याला दुसरा पर्याय नाही. गणपतीत चार दिवस गावाकडं जायचं असेल तर नोरी लावायचं काम घरात कुणालातरी दाखवून ठेवा, एकेका दिवसाचे तुकडे वेगळ्या पुड्यांत बांधून, नाहीतर आई प्रेमानं अख्खं पाकीट एका दिवसात घालते. पालक उकळून घालायचा सल्ला पण ऐकायला मिळतो, कधीतरी ठीक, पण समुद्रातल्या माशाला रोजचं खाणं म्हणून समुद्री शेवाळच बरं.

एवढं खायला घातल्यावर नायट्रेट-फॉस्फेट वाढणार, तो हिशोब आधी करा. एकदम दुप्पट खाणं नको, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या घरात राहिलं तर कोरलला उलट बरंच असतं. त्याच्या वर सरकलं तर पाणी बदला, संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कीटोमॉर्फा हे शेवाळ लावा.

कोरलची जागा आणि नवीन फ्रॅग

सगळ्यात जास्त मार खातो तो नवीन फ्रॅग. नुकता कापलेला, चिकटवलेला, भरपूर स्राव सोडणारा, आणि प्लगवर दुसऱ्याच्या टँकमधलं शेवाळ. माशाला वास लागतोच. म्हणून फ्रॅग आला की आधी प्लगच काढून टाका, निघत नसेल तर बोन कटरनं दांडा कापा आणि उरलेली चकती जुन्या टूथब्रशनं घासून घ्या, जिवंत भागाला न लागता. मग पहिला आठवडाभर टोपलीखाली. बुडाचं ताजं कापलेलं तोंड ग्लूनं पूर्ण झाका, उघडा सांगाडा राहिला की त्यावर शेवाळ धरतं, मासा ते खायला येतो आणि खाता खाता शेजारच्या जिवंत कडेला ओठ लागतो. बऱ्याच कोरलखाऊ माशांची सुरुवात इथनंच होते असं माझं मत आहे, शेवाळ खाता खाता चव कळते. त्यामुळं मोठ्या कॉलनीत पण कुठं मेलेली फांदी असेल तर कापून टाका, ठेवून उपयोग काही नाही.

अकान, ट्रॅकीफिलिया, स्कॉली असली मांसल कोरल आणि ट्रायडॅक्ना शिंपला यांच्यावर एंजलचा आणि भुकेल्या फॉक्सफेसचा डोळा असतो, ब्लेनी पण शिंपल्याच्या कडा ओढते. ही माशाच्या रोजच्या वाटेवर, त्याच्या बिळाच्या तोंडाशी ठेवू नका. लेदर, मशरूम या मऊ कोरलना सहसा कुणी विचारत नाही, बिळाभोवती तीच लावा. आणि तुकडे लहान ठेवण्यापेक्षा थोडी मोठी कॉलनी घेतलेली परवडते, मोठ्या कॉलनीला दिवसातनं दोन-चार ओठ लागले तरी ती भरून काढते, दोन तोंडांचा अकान नाही काढत.

कुणावर किती भरवसा

कोले टँग आणि टॉमिनी टँग, म्हणजे ब्रिसलटूथ मंडळी, यांचे दात ब्रशसारखे असतात, वरवरची साय झाडून घेतात, रीफसाठी त्यातल्या त्यात भरवशाचे, पण चार फुटी टँक पाहिजे. टेलस्पॉट ब्लेनी जेमतेम दोन-अडीच इंच, केलं तरी किती नुकसान करणार. लॉनमोवर पाच-साडेपाच इंचापर्यंत जाते, पोट भरलेलं असेल तर गुणी, नसेल तर वर सगळं सांगितलंच आहे. बायकलर स्वभावावर, एक साधी निघते तर दुसरी सगळ्या टँकची मालक. यलो टँग बहुतेक वेळा सरळ असतो. फॉक्सफेस शेवाळाला जबरदस्त, बाकी कुणी तोंड न लावणारं शेवाळ पण खातो, पण नोरी एक-दोन दिवस चुकली की झोआकडं वळतो, आणि नऊ इंचाचा होणारा मासा आहे, तीन फुटी टँकमध्ये घेऊच नका. कोरल ब्युटी, फ्लेम, लेमनपील हे बटू एंजल म्हणजे लॉटरी, ज्याच्याकडं मांसल कोरल जास्त त्यानं तिकीटच काढू नये.

खाणं सुधारल्यावर दोन-तीन आठवडे द्या. रेकॉर्डिंग परत करा. तोंड मारणं कमी झालं असेल तर चालू ठेवा, अगदी शून्यावर येईलच असं नाही आणि यायची गरज पण नाही, कोरल फुलतंय आणि वाढतंय ना तेवढं बघा. पण पोट टम्म भरलेला मासा सरळ जिवंत पॉलिप तोडतोय असं दिसलं तर त्याला ती चव लागलेली आहे, ती सवय जात नाही, वाट बघू नका.

काढायचाच ठरला तर

जाळी घेऊन मागं पळू नका, दगड पडतील, कोरल मोडतील आणि मासा बिळात. ॲक्रिलिकचा सापळा किंवा साधी पारदर्शक बरणी आडवी ठेवून त्यात नोरी, दोन-चार दिवस दार उघडंच ठेवून आत-बाहेर करायची सवय लावा, मग एका सकाळी उपाशीपोटी आत गेला की दाराला बांधलेली दोरी ओढा. टँग-एंजल यात येतात. ब्लेनीसाठी सोपं, तिचं बीळ ठरलेलं असतं, रात्री लाईट गेल्यावर तासाभरानं तो दगडच अलगद उचला, ती आतच चिकटून बसते. दगड टँकच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीवर धरून बिळात सिरिंजनं थोडं आरओचं पाणी मारा, खाली उडी मारते.

फॉक्सफेसला हातानं धरायचं नाही. पाठीच्या आणि पोटाच्या काट्यांत विष असतं, जाळीत काटे अडकतात ते वेगळंच, म्हणून रात्री तो रंग उतरवून डागाळ होऊन एका कोपऱ्यात झोपतो तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात घ्या. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, या विषाला उष्णता सोसत नाही. पाणी दुसऱ्या हातानं तपासा, टोचलेल्या हाताला भाजलेलं कळत नाही. श्वासाला त्रास, चक्कर, सूज वाढत चाललीय असं काही वाटलं तर लगेच दवाखाना गाठा, सांगलीकरांना मिरज जवळच आहे.

मासा गेल्यावर खाल्लेल्या कोरलवरची पांढरी जागा तशीच सोडू नका, चार-आठ दिवसांत तिथं शेवाळ धरतं आणि कोरलला परत चढता येत नाही. मऊ ब्रशनं साफ करा, जागा मोठी असेल तर वरनं जेल सुपरग्लूचा पातळ थर द्या, कोरल त्यावरनं वाढत येतं. अकानला लाईट गेल्यावर बारीक स्पर्शिका बाहेर काढल्या की एकेका तोंडावर मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) ठेवा, आठवड्यातनं दोन-तीनदा. आणि शेवाळाचं काम आता ट्रोकस गोगलगायींकडं द्या, टर्बो पण चालतात पण त्या रणगाड्यासारख्या फ्रॅग पाडत जातात, ट्रोकस उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. त्यांच्यानं भागलं नाही आणि परत मासा घ्यायची वेळ आली तर पार्सल मागवायच्या आधी दुकानदाराकडनं मासा नोरी खातानाचा व्हिडिओ मागून घ्या, "घरी गेल्यावर खाईल की" असं म्हणाला तर तो मासा घेऊ नका.